पिशवी तरंगवली तरी बियाणं घाईनं सोडू नका

आमच्याकडून वाघी कोळंबीचं बियाणं (म्हणजे तळ्यात सोडायची लहान पिल्लं) आणि कुर्ल्यांची पिल्लं नेणाऱ्या, खाजनात म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या निमखाऱ्या जमिनीत तळी असणाऱ्यांसाठी

दर हंगामात तोच फोन येतो. "सोडली तेव्हा चांगली उड्या मारत होती, तिसऱ्या दिवशी चेक ट्रे (तपासायची जाळीची थाळी) टाकला तर एकही नाही. बियाणंच कमजोर होतं." आम्ही आधी विचारतो, तळ्याचा खारेपणा किती होता? तो बहुतेकांनी मोजलेला नसतो. पिशवी अर्धा तास तरंगवली होती, हे मात्र सगळे सांगतात.

तरंगवल्यानं फक्त तापमान सारखं होतं. प्लास्टिकमधून उष्णता जाते, मीठ जात नाही. पिशवीत २८ पीपीटी (म्हणजे हजार भाग पाण्यात २८ भाग मीठ) आणि तळ्यात १२ असेल, तर अर्ध्या तासानंतरही पिशवीत २८च राहणार. गाठ सोडून पिशवी उलटी केलीत की १६ पीपीटीचा फरक त्या पेराएवढ्याही नसलेल्या जिवावर एका झटक्यात येतो.

समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी असतं. कोळंबीचं रक्त मात्र सुमारे २५ पीपीटी पाण्याच्या तोडीचं. त्याहून गोड्या पाण्यात तिच्या अंगातलं मीठ बाहेर झिरपतं आणि पाणी आत शिरतं. ही तूट भरायची कल्ल्यांनी. कल्ल्यांच्या पेशींत सोडियम-पोटॅशियम एटीपेझ हे प्रथिन पंपासारखं मीठ रक्तात ओढतं, आणि कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर मिठाच्या बदल्यात बाहेर टाकायला लागणारे आयन पुरवतं. पाणी बदलल्यावर पहिले काही तास असलेलेच पंप जोरात चालतात, पेशीही आपल्यातली अमिनो आम्लं कमी करून फुगणं आवरतात. तेवढ्यावर फार काळ निभत नाही. जास्त पंप हवेत तर त्यांची जनुकं जोरात चालू व्हावी लागतात, त्यांच्या आरएनए नकला निघाव्या लागतात, त्यांवरून प्रथिन बनून पेशीच्या आवरणात बसावं लागतं. याला दिवस लागतात.

युरोपातल्या किनारी खेकड्यावर हे बारकाईनं तपासलेलं आहे. त्याला खाऱ्यातून निमखाऱ्या पाण्यात टाकलं की कार्बोनिक अनहायड्रेजच्या जनुकाच्या नकला पहिल्या दिवसातच वाढतात, पण विकर पुरेसं साठायला पुढचे काही दिवस जातात. तेही मुख्यतः कल्ल्यांच्या मागच्या जोड्यांत, कारण पुढच्या जोड्यांकडे श्वासाचं काम. खाऱ्या पाण्यात असताना डोळ्याच्या देठातून येणारा एक पदार्थ हे जनुक दाबून ठेवतो, पाणी गोडं झालं की तो दाब सुटतो. तुमची कोळंबी आणि कुर्ली याच जातकुळीची. सोय तिच्या अंगात जन्मापासून असते, ती सुरू व्हायला वेळ द्यावा लागतो. कुर्ल्यांची पिल्लं कोळंबीपेक्षा जास्त सोसतात, पण झटका त्यांनाही बसतो. नाजूक जीव तळाशी मरतात, चिखलात दिसतही नाहीत. जे तगतात त्यांतले काही पुढची कात टाकताना जातात.

म्हणूनच आम्ही तळ्याच्या खारेपणाचा आकडा आधी मागतो. "पैसे दिले तरी चार दिवस थांबवता," अशी तक्रार असते. त्या चार दिवसांत आम्ही आमच्या टाकीत रोज तीन-चार पीपीटी उतरवत तुमच्या तळ्याच्या जवळ आणतो. त्या काळात खाणं, हवा, पाणी आमच्या खर्चानं चालतं, आणि जे मरायचं ते आमच्या टाकीत मरतं; तुमच्या मोजणीत येत नाही. पीएल-१५ च्या (म्हणजे अळीची अवस्था संपून पंधरा दिवस झालेल्या पिल्लांच्या) आतलं बियाणं आम्ही खाजनासाठी देतच नाही, कल्ले तोवर वाढतच असतात. बाजारात याहून स्वस्त बियाणं मिळतं, पण ते कुठल्या खारेपणातून आलं हे विचारून घ्या.

उरलेला दोन-तीन पीपीटीचा फरक बांधावर काढायचा. पिशवी सावलीत तरंगवून झाली की बियाणं टबात ओता, एअर पंप लावा आणि तळ्याचं पाणी मगानं थोडं थोडं घाला. तासाला दोन पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नका, १० च्या खाली तासाला एकच. टब आणि पंप आम्ही भाड्यानं देतो. मोठी ऑर्डर असेल तर आमचा माणूस सोबत येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खारेपणा कमी पडला म्हणून काहीजण मिठागरातलं मीठ तळ्यात टाकतात. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या यंत्रावर) आकडा चढतो खरा, पण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. कल्ल्यातल्या पंपाला पोटॅशियमही लागतं. त्यापेक्षा भरतीला मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडून नदीत चढलेलं खारं पाणी घ्या.

वळीव पडल्यावर तर पुन्हा मोजल्याशिवाय सोडूच नका. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. वर ८ आणि तळाशी १८ असंही होतं. कोळंबी तळाशी राहते, तेव्हा पाण्याची बाटली तळातून भरा. सोडण्याच्या पाच दिवस आधी ती आमच्याकडे आणून द्या, तपासणी फुकट आहे.

सोडताना शंभर पिल्लं हाप्यात (तळ्यात बांधायच्या बारीक जाळीच्या पेटीत) वेगळी ठेवा आणि ४८ तासांनी मोजा. हाप्यातली मोजणी दाखवल्यावरच आम्ही बदली बियाणं देतो. हापा नसेल तर आमच्याकडून घेऊन जा, मोजून झाला की परत करा.