कॅमेरा भाड्यानं आणला की फिल्म होते?

"आधी भारी कॅमेरा, मग फिल्म." लातूर-परभणीकडं कॉलेजातल्या पोरांच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलंय की लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून कॅमेरा मिळेपर्यंत कथा वहीतच पडून राहते. हे खरं नाही. पाच मिनिटांची पहिली फिल्म खिशातल्या फोनवर होते. ती बिघडतेच, तर बहुतेक वेळा चित्रामुळं नाही, आवाजामुळं.

मे महिन्यात तर विचारूच नका. कूलर घरघरतोय, पात्रं दहा फुटांवर बोलतायत, आणि फोनचा माइक काही आपल्या कानासारखा निवडून ऐकत नाही. म्हणून कूलर-पंखा बंद करा (घाम पुसायला टॉवेल जवळ ठेवा). दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो पात्राच्या वरच्या खिशात ठेवा. कापड घासणार नाही एवढं बघा. शॉटच्या सुरुवातीला एक टाळी वाजवा. एडिटिंग करताना त्या टाळीवरच चित्र आणि आवाज जुळवता येतात.

जुन्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, त्याचं खापरही स्वस्त फोनवर फुटतं. खरं कारण वीज. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या; दर फेरीत उजेड दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या मॅन्युअल मोडमध्ये (सेटिंग आपण हातानं ठरवतो तो) सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, आणि शटर १/५०, म्हणजे दर चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, असं ठेवलं की लुकलुक सहसा जाते.

आणि दुपारी बाराच्या उन्हात चेहरा नको. ओसरीत, उजेडाकडं तोंड करून बसवा. अंधाऱ्या बाजूला आजोबांचं पांढरं धोतर ताणून धरलं तरी गाल उजळतो.