फ्रेडरिक्स अटॅक्सिया आणि एससीए-२: तोल दोन्हींत जातो, पण वारसा वेगळा

चालताना झोकांड्या जातात, जीभ जड होते, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. फ्रेडरिक्स अटॅक्सिया आणि एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार दोन) या दोन्ही आनुवंशिक आजारांचं पहिलं चित्र असंच असतं, म्हणून घरात दोन्हींना सरसकट 'अटॅक्सिया', म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ जाणं, म्हटलं जातं. पण घरात आणखी कोणाला धोका आहे, याचं उत्तर दोन्हींत अगदी निराळं आहे. म्हणून फाइलवर पूर्ण नाव असायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

दोन्हींत जनुकातली तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा लिहिली गेलेली असतात. फरक आहे तो ती कुठे लिहिली गेली यात. फ्रेडरिक्समध्ये नवव्या गुणसूत्रावरच्या एफएक्सएन जनुकात 'जीएए' ही अक्षरं बहुधा शेकडो वेळा येतात. ही जागा प्रथिनाच्या मजकुरातली नाही, मधल्या कोऱ्या भागातली आहे. प्रथिन बिघडत नाही, पण जनुक जवळजवळ गप्प होतं आणि फ्रॅटॅक्सिन हे त्याचं प्रथिन फार कमी तयार होतं. मग पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम कोलमडतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असली तर तेवढ्या फ्रॅटॅक्सिनवर माणूस ठणठणीत जगतो. आजार व्हायला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सदोष प्रत यावी लागते.

एससीए-२ चं जनुक बाराव्या गुणसूत्रावर असतं, नाव एटीएक्सएन-२. तिथे 'सीएजी' वाढतात आणि तेही थेट प्रथिनाच्या मजकुरात. बहुतेकांत ते २२ च्या आसपास असतात, आजारात साधारण ३३ किंवा त्याहून जास्त. प्रत्येक सीएजीमागे प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाचा एक कण जोडला जातो. असं लांबलेलं प्रथिन पेशीला बाधतं आणि शेजारची चांगली प्रत त्याला आवरू शकत नाही. म्हणून एकाच पालकाकडून आलेली एकच प्रत पुरते आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका निम्मा. वडिलांकडून येताना ही साखळी अनेकदा आणखी लांबते आणि पुढच्या पिढीत आजार लवकर गाठतो. कधी वडिलांच्या आधी मुलगीच आजारी दिसते.

वंशावळ काढली की एससीए-२ आजोबा, वडील, आत्या, नातू असा उभा उतरताना दिसतो. फ्रेडरिक्समध्ये आईवडील धडधाकट आणि आजारी असतात दोन सख्खी भावंडं. दोघंही पालक वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेले, असतील तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्नं होतात, तिथे दोघांत तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. मात्र वंशावळीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. एससीए-२ ची सदोष प्रत असलेले वडील लक्षणं दिसण्याआधीच वारले असतील, तर घराणं निरोगीच वाटतं.

तपासणीच्या खोलीतही खुणा मिळतात. डॉक्टर दोन बोटं लांब धरून नजर एकावरून दुसऱ्यावर न्यायला सांगतात. एससीए-२ मध्ये डोळे सरपटल्यासारखे हळू सरकतात. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी अशा भारतीय कुटुंबांचं वर्णन १९७१ सालीच प्रसिद्ध केलं होतं. एटीएक्सएन-२ सापडायला त्यानंतर पंचवीस वर्षं लागली. एफएक्सएनही त्याच १९९६ सालचं.

फ्रेडरिक्स बहुधा पंधराच्या आत सुरू होतो. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही, डोळे मिटले की तोल जास्तच जातो, पाठीला बाक येतो. हृदयाचे स्नायू जाड होतात, काहींना मधुमेह होतो. म्हणून निदान झालं की हृदयाची इको (सोनोग्राफी) आणि साखरेची तपासणी नियमित हवीच. त्यात हयगय होते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण या आजारात जीव बहुधा हृदयामुळेच जातो. ओमाव्हेलॉक्सोलोन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या फ्रेडरिक्स रुग्णांसाठी मान्यता मिळाली. ते आजार बरा करत नाही. एससीए-२ ला थांबवणारं औषध अजून नाही. फिजिओथेरपी दोन्हींत चालू ठेवावी.

नेहमीच्या एक्झोम तपासणीत (जनुकांमधला प्रथिनाचा मजकूर वाचणाऱ्या चाचणीत) अशी वाढलेली अक्षरं सहसा निसटतात. तो अहवाल 'निर्दोष' आला म्हणून दोन्ही आजार नाहीत असं धरू नका. पुनरावृत्ती मोजणारी वेगळी चाचणी मागा. आणि रक्तातलं ई जीवनसत्त्वही मोजून घ्या. त्याच्या आनुवंशिक कमतरतेत हुबेहूब फ्रेडरिक्ससारखं चित्र दिसतं आणि ते जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देऊन तो आजार रोखता येतो.