स्मृती : मेंदूतील घडण, टिकाव आणि विस्मरण

अनुभवामुळे मेंदूत झालेला बदल टिकून राहणे आणि त्याच्या आधारे तो अनुभव, माहिती किंवा कौशल्य पुढे पुन्हा उभे करता येणे, याला स्मृती म्हणतात. एका प्रसंगाची स्मृती मेंदूत एका जागी नसते. नाशिकच्या रामकुंडावर पाहिलेल्या आरतीचे दृश्य मेंदूच्या मागच्या भागात, घंटानाद कानशिलांजवळच्या भागात, तर ओल्या पायरीचा गारवा डोक्याच्या माथ्याखालच्या पट्ट्यात नोंदला जातो. हे धागे एका प्रसंगात गुंफण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो. हा लहानसा अवयव दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर असतो. आठवण काढताना ही गुंफण दर वेळी नव्याने होते. स्मृतीचे बळ आणि तिचा कच्चेपणा, दोन्ही इथूनच येतात.

प्रकार : ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत जी राहते ती कार्यकारी स्मृती, लक्ष हटले की ती काही सेकंदांत जाते. तिच्यात एका वेळी 7 च्या आसपास गोष्टी मावतात असे जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये मांडले. आता हा आकडा 4 च्या जवळ मानला जातो. दीर्घकालीन स्मृती तीन तऱ्हांची. सिंहस्थ 12 वर्षांनी येतो हे माहीत असणे ही अर्थस्मृती. 2015 च्या सिंहस्थात आजीचा हात धरून साधूंची मिरवणूक पाहिल्याचे आठवणे ही प्रसंगस्मृती. आणि लहानपणी गांधी तलावात पोहायला शिकलेल्या माणसाचे हातपाय वीस वर्षांनीही पाण्यात आपोआप चालतात, ती कौशल्यस्मृती.

घडण : मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. दोन पेशी जिथे एकमेकींना संदेश देतात त्या सांध्याला चेतासंधी म्हणतात, आणि शिकणे म्हणजे मुख्यतः या सांध्यांच्या ताकदीत होणारा बदल. 1973 मध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसवर केलेल्या प्रयोगात, थोड्या वेळ वेगाने विद्युत उद्दीपन दिल्यावर हे सांधे तासन्‌तास बळकट राहतात असे दाखवले. सांध्यावर ग्लुटामेट हे रसायन पोचते, त्याच वेळी पलीकडची पेशी उद्दीपित असेल तर तिच्यात कॅल्शियम शिरते आणि बदलाची साखळी सुरू होते. काही मिनिटांच्या स्मृतीला आधीच्या प्रथिनांत फेरफार झाले की पुरते. दिवसेंदिवस टिकायचे तर पेशीला नवी प्रथिने बनवावी लागतात. एरिक कँडेल यांनी हा फरक समुद्री गोगलगायीत उलगडून दाखवला व 2000 च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. पुढचे पक्केपण बरेचसे झोपेत येते. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसाचे अनुभव पुनःपुन्हा उजळवतो आणि मेंदूच्या बाह्यपटलातील जोडण्या हळूहळू घट्ट होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारी मुले नेमका हाच वेळ गमावतात.

हिप्पोकॅम्पसशिवाय काय होते हे हेन्री मोलायसन यांच्यामुळे कळले. 1953 मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढण्यात आला. त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांना नवे प्रसंग ध्यानात ठेवता आले नाहीत. तरी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिल्यावर त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे, याची मात्र त्यांना दर वेळी गंधवार्ताही नसे. स्मृतीच्या अभ्यासाला या एका माणसाने जेवढे दिले तेवढे क्वचितच कोणी दिले असेल.

टिकाव : नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांत मौखिक स्मृतीचे एक विलक्षण शिस्तबद्ध रूप आजही पाहायला मिळते. गुरुजी संथा देतात, विद्यार्थी ती मागून म्हणतात आणि मग आवृत्त्या सुरू होतात. घनपाठ या पठणाच्या पद्धतीत पदे सरळ एकामागून एक येत नाहीत. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, आणि मग एक पद पुढे सरकून तोच क्रम. प्रत्येक पद दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बांधले जाते, त्यामुळे एखादे गळले तर घोटाळा लगेच कानावर येतो. पोथी न पाहता म्हणून दाखवण्याचा आग्रह तर आधुनिक मानसशास्त्राच्या निष्कर्षाशी तंतोतंत जुळतो : पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने आणि मध्ये अंतर सोडून उजळणी करण्याने स्मृती जास्त टिकते. 2016 मध्ये ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात शुक्ल यजुर्वेदाच्या 21 पंडितांच्या मेंदूंची 21 इतर पुरुषांशी तुलना केली होती. पंडितांमध्ये भाषा व स्मृतीशी निगडित काही भागांत, उजव्या हिप्पोकॅम्पससह, करड्या द्रव्याचे, म्हणजे चेतापेशींनी भरलेल्या थराचे, प्रमाण अधिक आढळले. हे पठणामुळेच झाले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण निरीक्षण मोलाचे आहे.

बदल : तीव्र भावनेच्या क्षणी अमिग्डला हा भाग हिप्पोकॅम्पसच्या नोंदीला जोर देतो. म्हणून 1969, 2008 किंवा 2016 चा गोदावरीचा पूर पाहिलेल्यांना तो काल घडल्यासारखा आठवतो. पण आठवण ठसठशीत असली म्हणजे अचूक असतेच असे नाही. 1986 मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान कोसळले तेव्हा मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे व कशी कळली ते लिहून घेतले. काही वर्षांनी तोच प्रश्न विचारल्यावर अनेकांची उत्तरे पार वेगळी आली, आणि तीही पूर्ण खात्रीने दिलेली. आठवण वर काढली की ती काही काळ लवचीक होते आणि पुन्हा पक्की होताना तिच्यात नंतर ऐकलेले, फोटोत पाहिलेले मिसळू शकते. भांडी बाजारातल्या एकाच घरातले दोघे भाऊ ‘पाणी कितव्या पायरीला लागले होते’ यावर हटून बसतात, तेव्हा दोघेही प्रामाणिकपणेच बोलत असतात. याच कारणाने गोदाकाठी पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीचे महत्त्व मोठे आहे. पाणी कमरेला, छातीला, गळ्याला की डोक्यावरून, ही दगडी मूर्तीची खूण सगळ्या गावाची सामाईक असते आणि आठवणींप्रमाणे सरकत नाही.

विस्मरण : हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. निरर्थक अक्षरगटांची पकड पहिल्या तासाभरातच निम्म्याहून खाली येते. पुढची घसरण मात्र संथ असते. विसरण्याला दोष मानणे चुकीचे आहे. द्राक्षबागायतदार खरड छाटणीत वेल उघडीबोडकी करतो ती चांगल्या काड्या याव्यात म्हणून. मेंदूही कमी वापराच्या जोडण्या सैल सोडतो आणि उपयोगी जोडण्यांना वाव देतो. शिवाय बऱ्याच गोष्टी पुसलेल्या नसतात, फक्त हाती लागत नाहीत. जुन्या वाड्यात पाऊल ठेवताच शेजाऱ्याचे विसरलेले नाव ओठांवर येते ते त्यामुळे.

अल्झायमर आजारात हा ऱ्हास रोगाचे रूप घेतो. तो बहुधा हिप्पोकॅम्पस व त्याच्या लगतच्या भागापासून सुरू होत असल्याने सकाळचे जेवण विसरणाऱ्या आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न आणि पाठ असलेला हरिपाठ मात्र आठवतो. घरच्यांना हे ढोंग वाटू शकते. ते ढोंग नसते. त्याचबरोबर, म्हातारपणातले प्रत्येक विसरणे अल्झायमर नसते. जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य आणि काही औषधांचे परिणाम यांनीही स्मृती मंदावते, आणि वेळीच उपचार झाले तर ती बऱ्याचदा सुधारते. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सहज आढळते, म्हणून ‘वयच झाले’ असे म्हणून सोडून देण्याआधी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी.