किनारी रेडिओ केंद्रे

समुद्रावरील जहाजांशी बिनतारी संपर्क ठेवणारी जमिनीवरची केंद्रे. वादळाचे इशारे देणे, संकटात सापडलेल्या जहाजाची हाक ऐकणे आणि खलाशांच्या तारा पोहोचवणे ही त्यांची कामे. मुंबई केंद्राचे बोधचिन्ह (हवेत हाक मारण्याचे सांकेतिक नाव) ‘व्हीडब्ल्यूबी’ असे होते.

‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यावर १९१४ च्या सागरी सुरक्षा करारात जहाजांवरील बिनतारी पहाऱ्याचे (हाक ऐकत राहण्याचे) नियम आले. हाक मारायची ती ५०० किलोहर्ट्झवर. ही लहर समुद्राच्या पृष्ठभागाला धरून जाते आणि खारे पाणी चांगले विद्युतवाहक असल्याने लांबवर टिकते. केंद्र किनाऱ्यालगत हवे, ते यासाठी. एरवी या लहरीवर मोर्स या ठिपका-रेषांच्या लिपीतील संदेशांचे कडकट्ट अखंड चाले. फक्त दर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत सगळे गप्प बसत, म्हणजे एखाद्याचा क्षीण ‘एसओएस’ही ऐकू यावा. रेडिओ खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर ही मिनिटे लाल रंगाने रंगवलेली असत. ठरलेल्या वेळी केंद्र, ज्यांच्यासाठी तारा आल्या आहेत त्या जहाजांची बोधचिन्हे मोर्समध्ये पाठवी. आपले चिन्ह ऐकले की रेडिओ अधिकारी उत्तर देई.

लांब पल्ल्याच्या लघुलहरींना किनाऱ्याची गरज नव्हती. ब्रिटनशी बिनतारी तारव्यवहार १९२७ मध्ये सुरू झाला तो पुण्याजवळूनच : प्रक्षेपण खडकीला, ग्रहण दौंडला.

ऱ्हास उपग्रहांनी घडवला. जहाजांना उपग्रहामार्फत संपर्क देणारी इन्मारसॅट ही संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. जीएमडीएसएस ही नवी संकटसंपर्क यंत्रणा १९९२ पासून टप्प्याटप्प्याने येऊन १९९९ मध्ये पूर्ण लागू झाली; मोर्सचा पहारा संपला आणि बहुतेक जहाजांवरचे रेडिओ अधिकाऱ्याचे पदही गेले. ब्रिटनचे विख्यात पोर्टिसहेड केंद्र २००० मध्ये बंद पडले.

भारतात जहाजांचा हा उपग्रह-संपर्क आला घाटावर, पुणे जिल्ह्यात. नारायणगावजवळच्या आर्वीत (वर्ध्याची आर्वी वेगळी) १९७१ पासून उपग्रह भूकेंद्र होते. तेथेच इन्मारसॅटचे केंद्र उभे राहिले आणि हिंदी महासागरातील जहाजांसाठीचे इशारे तेथून जाऊ लागले. समुद्र सह्याद्रीपलीकडे, तरी अशा केंद्राची तांत्रिक संज्ञा ‘किनारी भूकेंद्र’ हीच.

किनाऱ्याजवळ व्हीएचएफ (अतिउच्च कंप्रतेचे) संच टिकून आहेत. त्यांची लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकीच जाते. हाक मारायला चॅनल १६.