मेल घेता येते, नाकारता येते का?

मेल सर्व्हर, म्हणजे मेल घेणारा आणि पुढे पोचवणारा संगणक, नीट चालतो का हे तपासायची पद्धत कशी बदलत गेली, त्याची ही गोष्ट. १९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, बीबीएन कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून पहिली ईमेल पाठवली. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारीशेजारी होते. मेल आली का, हे बघायला दुसऱ्या यंत्रासमोर जाऊन बसलं की झालं. त्या चाचणीत काय लिहिलं होतं, हे पुढे खुद्द त्यांनाही नीट आठवत नव्हतं.

आजची पद्धत जॉन पोस्टेल यांच्या ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ मधून, म्हणजे एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या नियमावलीतून आली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). टेलनेट या दुसऱ्या संगणकाशी टाइप करून बोलण्याच्या प्रोग्रॅमने सर्व्हरचं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेलसाठीचं दार, उघडायचं, सर्व्हर २२० हा उत्तराचा आकडा म्हणाला की 'हेलो' टाइप करायचं, मग 'मेल फ्रॉम', 'आरसीपीटी टू' आणि 'डेटा'. सर्व्हर ३५४ म्हणतो, मजकूर लिहायचा, शेवटी एका ओळीवर नुसता टिंब. त्यावर २५० आलं की मेल सर्व्हरच्या पदरात पडली. इथून पुढे ती पोचवायची, नाहीतर पोचली नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं, ही जबाबदारी सर्व्हरची. म्हणून २५० दिसल्यावर खूश होऊन उठण्यात अर्थ नसतो. लॉग (सर्व्हरची कामाची नोंदवही) आणि मेलबॉक्स उघडून बघावंच लागतं.

१९८६ मध्ये आरएफसी ९७४ ने एमएक्स नोंदी, म्हणजे एखाद्या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची हे सांगणाऱ्या नोंदी, आणल्या आणि तपासणी एक पायरी मागे सरकली. सर्व्हर ठणठणीत असतो, पण डीएनएस (या नोंदी ठेवणारी इंटरनेटची पत्त्यांची वही) बाहेरच्या जगाला भलत्याच यंत्राकडे पाठवतं. हा घोळ आजही नेहमीचा आहे.

चाचणीच्या सोयीनेच घात झाल्याचंही उदाहरण आहे. त्या काळच्या सेंडमेल या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी 'डीबग' ही आज्ञा होती. ती चालू असली की मेलच्या पत्त्याच्या जागी थेट प्रोग्रॅम चालवण्याची आज्ञा देता येई. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम ज्या वाटांनी पसरला, त्यातली ही एक.

खरा पालट मात्र नव्वदच्या दशकातला. तोवर कुणाचीही मेल कुणाकडेही पुढे ढकलणं हा शेजारधर्म मानला जाई. स्पॅमवाल्यांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला आणि 'ओपन रिले' ही शिवी झाली. १९९८ च्या सेंडमेल ८.९ मध्ये ही ढकलाढकल मुळातच बंद ठेवली गेली. तेव्हापासून चाचणीला दुसरी बाजू आली: बाहेरून बाहेरच्याच पत्त्यावर मेल देऊन बघायची, आणि सर्व्हरने ती नाकारलीच पाहिजे. माझ्या मते हीच चाचणी जास्त महत्त्वाची, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. २००३ मध्ये ग्रेलिस्टिंग आलं. अनोळखी सर्व्हरला मुद्दाम ४५१ सारखं 'आत्ता नको, नंतर या' असं उत्तर मिळू लागलं. माहीत नसलेला माणूस त्याला बिघाड समजतो. शिवाय घरगुती ब्रॉडबँडवर २५ चं पोर्ट बऱ्याचदा बंदच असतं, त्यामुळे घरून केलेली चाचणी फसली म्हणून सर्व्हरला दोष देता येत नाही.

मराठी वाचकाला जवळची एक चाचणी राहिली. २०१२ च्या आरएफसी ६५३१ मुळे @ च्या अलीकडचं नावही देवनागरीत लिहिता येतं आणि २०१४ पासून .भारत डोमेन मिळतं. 'ईएचएलओ' (म्हणजे 'हेलो'चं नवं रूप) म्हटल्यावर सर्व्हर आपल्याला काय काय जमतं ते सांगतो; त्या यादीत 'एसएमटीपीयूटीएफ८' दिसत नसेल, तर तो सर्व्हर असा पत्ता घेणार नाही.