‘व्हिज्युअल लर्नर’ वगैरे प्रकार खरा आहे का?

ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर हे फिरतंच, की कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या टाइपचं मटेरियल द्या. ऐकायला छान वाटतं, पण याला पुरावा नाहीये. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं, आणि मुलांची अशी विभागणी करून शिकवावं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. आवड वेगवेगळी असते हो, पण आवडीप्रमाणे दिलं की जास्त समजतं असं दिसलेलं नाही.

मला खरा राग येतो तो यामुळे गरज आणि आवड यांची गल्लत होते त्याचा. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ऑडिओ ही ‘स्टाइल’ नाहीये, व्हिडिओतून शिकायचा तो एकमेव रस्ता आहे. आता गणिताच्या व्हिडिओत सर म्हणतात "हे इथून उचललं, इकडे टाकलं, की झालं", तर न बघता ऐकणाऱ्याला काय कळणार? त्याऐवजी "अधिक पाच उजवीकडे नेले, ते वजा पाच झाले" एवढं बोललं तरी पुरतं, एक रुपया खर्च नाही, आणि बघणाऱ्यालाही जास्त नीट कळतं. कॅप्शनचंही तेच, ऑटोवर सोडू नका, एकदा वाचून दुरुस्त करा, मराठीतले शास्त्रीय शब्द हमखास तिथेच चुकतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा धडा त्या एका चुकलेल्या शब्दापाशी अडतो.