नागीण गेली, आग राहिली

नागिणीच्या फोडांच्या खपल्या पडतात, कातडी जवळजवळ पूर्ववत दिसू लागते, आणि तरीही काही रुग्णांना, विशेषतः वयाची साठी ओलांडलेल्यांना, त्याच पट्ट्यात सदऱ्याचा नुसता स्पर्शही सहन होत नाही. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षे मणक्यांलगतच्या चेतागाठींत दडून राहिलेला असतो आणि तो पुन्हा जागा झाला की तेथील चेतातंतूंना इजा होते. पुरळ बरे झाल्यावरही तीन महिन्यांहून अधिक टिकणारी ही वेदना ‘मनाची’ आहे, असे घरचे, आणि कधीकधी डॉक्टरही, सुचवतात. ते साफ चूक आहे.

मज्जारज्जू ही मेंदूकडे संदेश वाहून नेणारी नुसती तार नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनासंशोधकांनी १९६५ मध्ये मांडले की, कोणता संदेश किती जोराने वर जाऊ द्यायचा हे तेथेच ठरते. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, इजेनंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होतो. इजा झालेल्या तंतूंकडून संदेशांचा मारा सुरू राहिला की तेथील पेशींवरच्या एनएमडीए ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, बंद ठेवणारे मॅग्नेशियम दूर होते, कॅल्शियम आत शिरते आणि त्या पेशी पुढे किरकोळ संदेशालाही जोरदार प्रतिसाद देतात.

त्याहून विलक्षण गोष्ट पेशींना आवर घालणाऱ्या यंत्रणेची आहे. एरवी ‘गाबा’ या रसायनामुळे क्लोराइड पेशीत शिरते आणि पेशी शांत होते. मात्र चेतातंतूला इजा झाल्यावर मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी एक प्रथिन सोडतात, त्यामुळे पेशीतले क्लोराइड बाहेर काढण्याचे काम मंदावते आणि गाबाचा लगाम सैल पडतो, क्वचित उलटाही चालतो, असे २००५ मध्ये नर उंदरांत आढळले. २०१५ मध्ये मादी उंदरांत मात्र मायक्रोग्लियाला रोखूनही वेदना शमली नाही. इतकी वर्षे प्रयोग बहुतांशी नरांवरच केल्याने हा फरक ध्यानात आला नव्हता.

मेंदूही गप्प बसत नाही. मध्यमेंदूतून मस्तिष्कस्तंभामार्गे खाली येणारे तंतू वेदनेला आवरतात तसे भडकवतातही. नैराश्यावरील अ‍ॅमिट्रिप्टिलीनची गोळी वेदनेसाठी दिली जाते ती या उतरत्या मार्गातील आवर वाढवण्यासाठी, तर गॅबापेंटिन हे औषध मुख्यतः मज्जारज्जूत शिरणाऱ्या तंतूंच्या टोकांकडून होणारा रसायनांचा स्राव घटवते. मात्र नागिणीनंतरच्या वेदनेत गॅबापेंटिनने निम्मा आराम मिळतो तो दहापैकी सुमारे तिघांना, आणि औषधी अंश नसलेल्या गोळीनेही तो दोघांना मिळतो.